अक्षयनीवी : लेणी, व्यापार आणि पर्यटन

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख कोरलेला आहे. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्खूंसाठी त्याने ३००० कार्षापणांची ठेव ठेवल्याची नोंद त्यात आहे. ही रक्कम त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे सोपवली. २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ आणि उरलेल्या १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या ठेवीच्या व्याजातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत आणि दुसरीच्या व्याजातून किरकोळ खर्च भागावा, अशी व्यवस्था होती.

इतिहासाच्या तासाला हे गणित फळ्यावर मांडले तर ते नेमके सुटते. २००० वर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण; आणि २० भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. व्याज आणि खर्च यांची अशी तंतोतंत जुळणी केल्यावर लेखाने एक अटही घातली आहे. ही मुद्दल कधीही परत द्यावयाची नाही. उपभोग घ्यावयाचा तो केवळ व्याजाचा. अशा ठेवीला त्या काळी ‘अक्षयनीवी’ म्हणत. नीवी म्हणजे मुद्दल, आणि जिचा क्षय होत नाही ती अक्षयनीवी.

पर्यटन, व्यापार आणि मानवी व्यवहार यांचा निसर्गावर व समाजावर होणारा परिणाम तपासण्यासाठी याहून उत्तम कसोटी मला सापडलेली नाही. एखादे स्थळ, एखादी नदी, एखादे गाव हीदेखील पूर्वजांनी आपल्या हाती दिलेली ठेवच असते. तिच्या व्याजावर पिढ्यानपिढ्या जगता येते; पण मुद्दल खाल्ली, तर पुढच्या पिढीच्या हाती काहीच उरत नाही. ही कसोटी प्रस्तुत लेखात मुख्यतः अजिंठ्याला लावून पाहावयाची आहे, कारण व्यापाराने घडवलेले आणि पर्यटनाने झिजवलेले असे दुसरे इतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात नाही.

व्यापारमार्गांनी घडवलेली लेणी

आपली लेणी निर्जन अरण्यात, जगापासून दूर कोरली गेली, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. नाणेघाट, बोरघाट, थळघाट या वाटांनी कोकणातील बंदरे घाटमाथ्यावरील नगरांशी जोडलेली होती आणि कान्हेरी, कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक येथील लेणी याच वाटांच्या आसपास आहेत. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. तेथून उत्तरेस माहिष्मती व उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेचा उल्लेख सुत्तनिपातात बावरीच्या सोळा शिष्यांच्या प्रवासात येतो. अजिंठ्याचा डोंगर ओलांडून तापीच्या खोऱ्यात उतरणारा मार्ग उत्तर-दक्षिण दळणवळणाच्या याच जाळ्याचा भाग होता.

या लेण्यांचे दाते कोण होते? राजे होतेच, परंतु कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी भेटतो, वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी भेटतो. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचा दानलेख आहे. नाशिक येथे अभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी अक्षयनीवी ठेवली, ती कुंभार, तेली आणि पाणी उपसण्याची यंत्रे चालविणारे कारागीर यांच्या श्रेणींकडे. जुन्नरला बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख सापडतो. पुढच्या काळात ज्या श्रमिक जातींना समाजव्यवस्थेने खालच्या पायरीवर बसवले, त्यांचे पूर्वज एके काळी संघाच्या ठेवींचे विश्वस्त होते. आपल्या मुलांनी ही गोष्ट केवळ परीक्षेपुरती लक्षात ठेवू नये.

या व्यापाराने निसर्गाचा विचारच केला नाही, असेही म्हणता येत नाही. जुन्नरच्या एका लेखात अडुथुम नावाच्या शक उपासकाने जमिनीचे दान दिल्याची नोंद आहे. त्यापैकी २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी होती. उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी विश्रामगृहे, विहिरी, तलाव व बागा केल्या आणि तापी, दमणा, डहाणुका आदी नद्यांवर विनामूल्य तरीची सोय केली. प्रवासी जेथून जातो तेथे पाणी, सावली आणि निवारा निर्माण करणे हे त्या काळी दानधर्माचे अंग होते. आज ज्याला आपण पर्यटन-सुविधा म्हणतो, तिचे हे प्राचीन रूप होय.

अजिंठ्याच्या भिंतीही व्यापाराची साक्ष देतात. दुसऱ्या लेण्यात शूर्पारकचा व्यापारी पूर्ण याच्या कथेतील जहाज रंगवलेले आहे, तर सतराव्यात सिंहलाच्या समुद्रप्रवासाची कथा आहे. तेथील बहुतेक रंग परिसरातील माती व दगडांपासून केलेले आहेत. मात्र गर्द निळा रंग राजावर्त या खनिजाचा असून, ते आजच्या अफगाणिस्तानातील खाणींतून हजारो मैलांचा प्रवास करून वाघूरच्या काठी आले. त्या निळ्या रंगाच्या एका फटकाऱ्यात खाणकामगार, तांड्यांचे सारथी, व्यापारी आणि चित्रकार या साऱ्यांचे श्रम साठलेले आहेत.

याच परावलंबनाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात त्याचा मंत्री वराहदेव, भिक्खू बुद्धभद्र आदींनी अजिंठ्यात मोठी लेणी करविली. ती सत्ता ढासळताच आश्रयाचा ओघ आटला आणि चोविसावे, एकोणतिसावे अशी लेणी अपुरीच राहिली. छिन्नीचे घाव आजही तेथे तसेच दिसतात. बाहेरून येणाऱ्या धनाच्या एकाच स्रोतावर उभी राहिलेली वसाहत तो स्रोत आटला की किती लवकर ओस पडते, याचा तो दगडातील धडा आहे.

पहिला पाहुणा आणि त्याची निशाणी

एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि त्याने अजिंठ्याचा ‘शोध’ लावला, असे पुस्तकांत लिहिलेले असते. पंचक्रोशीतील लोकांना ही लेणी ठाऊक होती. तेव्हा शोध लागला तो युरोपीय विद्वानांना. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दहाव्या लेण्यातील एका खांबावरील चित्रावर स्मिथने आपले नाव आणि तारीख कोरली. लेण्यात त्या वेळी गाळाचा व दगडमातीचा ढीग होता. त्यावर उभे राहून केलेले हे कोरकाम आज आपल्या डोळ्यांच्या पातळीहून उंचावर दिसते. आधुनिक काळातील अजिंठ्याच्या पहिल्या नामांकित पर्यटकाने पहिले काम केले, ते चित्र बिघडविण्याचे.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत प्रेमापोटी झालेली हानीही कमी नव्हती. कोणी चित्रांचे तुकडे खरवडून नेले. असा एक तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल याला प्रतिकृती करण्यासाठी नेमले. त्याने आयुष्याची अनेक वर्षे खर्चून केलेल्या बहुसंख्य प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. प्रतिकृती नष्ट झाल्या, परंतु रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर चढविलेले व्हार्निश मात्र भिंतीवर राहिले. निजामाच्या राजवटीत, १९२० च्या सुमारास, इटालियन तज्ज्ञ आणले गेले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा जागीच पक्का केला, हे त्यांचे मोठे काम. पण त्यांनी वापरलेला लाखेचा थरही कालांतराने पिवळा-काळा पडला. तो काढण्याचे नाजूक काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला पुढे दीर्घकाळ करावे लागले.

यांपैकी कोणाचाही हेतू दुष्ट नव्हता. पण हेतू चांगला असला म्हणजे परिणाम चांगला होतोच, असे नाही.

श्वासाचा भार

अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, भाताचा तूस, गवत व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर आणि त्यावर डिंकासारख्या पदार्थात कालवलेले रंग, अशी त्यांची रचना आहे. मातीचा गिलावा दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. माणसाच्या प्रत्येक श्वासाबरोबर बाष्प व कर्बवायू बाहेर पडतो, अंगाची उष्णता हवेत मिसळते आणि पायांबरोबर धूळ येते. एक मनुष्य काही बिघडवत नाही. पण बंद दालनात दिवसभर माणसांची रीघ लागली की आतली हवा वारंवार बदलते, गिलावा वारंवार हलतो आणि खडकापासून सुटू लागतो. गिलाव्यातील तूस व तंतू हे कीटकांचे खाद्य आहे. वटवाघळांची विष्ठा, पावसाळ्यात भेगांतून झिरपणारे पाणी यांची त्यात भर पडते.

१९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ ही दोन्ही स्थळे जागतिक वारसा यादीत आली आणि पाहुण्यांची संख्या वाढत गेली. पुढे जपानच्या कर्जसाहाय्यातून राज्यात संवर्धन व पर्यटनविकासाचा प्रकल्प राबविण्यात आला. त्यात वृक्षलागवड होती, पाणीपुरवठा होता, विमानतळाचे काम होते. खासगी वाहने लेण्यांपासून सुमारे ४ किलोमीटरवर, फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवून तेथून बसने पुढे नेण्याची पद्धत सुरू झाली. चित्रांच्या दालनांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडणे, फ्लॅशवर बंदी, सौम्य प्रकाशयोजना, सोमवारी लेणी बंद ठेवणे, हे उपाय मुद्दल राखण्याचे आहेत. रांगेत उभे राहावे लागले म्हणून त्रासणाऱ्या प्रवाशाने हे ध्यानात घ्यावे.

याच प्रकल्पातून तिठ्याजवळ प्रमुख लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले. कल्पना उत्तम होती. प्रतिकृतीजवळ हवा तेवढा वेळ थांबावे आणि मूळ चित्रांवरील भार हलका करावा. परंतु वीज व पाण्याची देयके थकल्याने ते बंद पडण्याची वेळ आली. इमारतीसाठी पैसा मिळतो. तिच्या रोजच्या खर्चाची ठेव मात्र कोणी ठेवत नाही. चीवराच्या खर्चाचाही हिशेब दगडावर कोरणाऱ्या श्रेणींची या ठिकाणी तीव्रतेने आठवण होते.

वाघूरच्या काठची माणसे

पर्यावरणाचा विचार करताना माणूस वगळला, तर तो विचार अपुरा राहतो. लेणापूर, फर्दापूर, अजिंठा या गावांतील कितीतरी कुटुंबांची चूल लेण्यांवर पेटते. वृद्धांना डोलीतून वर नेणारे डोलीवाले, मार्गदर्शक, चहा-नाश्त्याचे गाडीवाले, टोप्या व माळा विकणाऱ्या स्त्रिया, खाणी-विहिरींच्या खोदकामात निघालेले स्फटिक विकणारे तरुण, ही सारी माणसे पर्यटनाची लाभार्थी आहेत आणि त्याची ओझीही तीच वाहतात. वाहने तिठ्यावर थांबली तेव्हा दुकानेही लेण्यांच्या पायथ्यापासून तिठ्यावर हलली. लेण्यांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. मात्र असा निर्णय होतो तेव्हा ज्याचे दुकान हलते, त्याला बैठकीत बोलावले जाते काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि लेणी डिसेंबरमध्ये पुन्हा उघडली. मधल्या काळात दरी शांत झाली, भिंतींना विसावा मिळाला. पण त्याच काळात डोलीवाल्यांचे व फेरीवाल्यांचे उत्पन्न शून्यावर आले. पाचव्या शतकाच्या अखेरीस जे घडले त्याचीच ही छोटी आवृत्ती होती. एकाच उत्पन्नावर गाव उभे करू नये. शेती, दुग्धव्यवसाय, हस्तकला यांची जोड हवी. शिवाय पर्यटनाच्या उत्पन्नातील निश्चित वाटा गावाच्या पाण्यासाठी, शाळेसाठी आणि जंगलासाठी राखला गेला, तर त्या वाट्यालाच आजची अक्षयनीवी म्हणता येईल.

निसर्गाचा हिशेबही येथेच मांडावा लागतो. वाघूर ही पावसावर जगणारी नदी आहे. पावसाळ्यात सात कुंडांवरून कोसळणारे तिचे पाणी उन्हाळ्यात जवळजवळ आटते, आणि पाहुणे मात्र बारमाही येतात. वरच्या पठारावरील झाडी तुटली तर पाणी मुरत नाही. ते मातीसह वेगाने खाली येते. पात्रात फेकलेली प्लास्टिकची बाटली पहिल्या पुराबरोबर तापीच्या दिशेने निघते. कड्याला आग्या मोहळे असतात. धूर आणि गोंगाट यांनी ती उठली तर पाहुण्यांवर जीव वाचवत धावण्याची पाळी येते. दरी ही काही निव्वळ देखावा नाही. तेथे आपल्याआधीपासून राहणाऱ्या जिवांचे ते घर आहे.

पाहण्याचा हक्क

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्याखेरीज दुसरे कोणी सहसा मांडणार नाही. पर्यटनाने सर्वांना सारखेच आनंद दिले, असे इतिहास सांगत नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे ३० सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर, प्रवेशद्वाराजवळच्या हौदातील पाण्याने त्यांनी प्रवासाची धूळ धुतली. तेवढ्यावरून पाणी बाटविल्याचा गिल्ला झाला आणि जमाव शिवीगाळ करीत धावून आला. अखेर किल्ला पाहू दिला गेला तो कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर, आणि त्यावर नजर ठेवण्यासाठी एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

धम्माचा वारसा पाहावयास निघालेल्या माणसाला पाण्याच्या एका ओंजळीसाठी पहाऱ्यात चालावे लागले. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये याच परिसरात, औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. आज आपली मुले बसमधून उतरतात, तिकीट काढतात आणि कोणाच्याही परवानगीशिवाय पद्मपाणीसमोर उभी राहतात, हा सहज मिळालेला हक्क नाही. म्हणूनच ‘गर्दी फार झाली, तिकीट महाग करा’ हा उपाय मला मान्य नाही. महाग तिकिटाने गरिबांची संख्या कमी होते. श्रीमंताच्या श्वासात बाष्प कमी असते, असे मात्र नाही. संख्या मर्यादित ठेवायची तर वेळ नेमून द्यावी, क्रम लावावा, शाळांसाठी दिवस राखून ठेवावेत. किंमत लावून दार बंद करणे हा संवर्धनाचा मार्ग नव्हे.

आपले कर्तव्य

हक्क मिळाला, आता जबाबदारीचे बोलू. आपला समाज लेण्यांकडे श्रद्धेने आणि अस्मितेने जातो. ज्या स्थळांना लोकांनी पांडवांची नावे दिली, त्यांना आपण त्रिरश्मीसारख्या मूळ नावांनी पुन्हा ओळखू लागलो, हे योग्यच झाले. परंतु ज्या लेण्याला आपण आपले म्हणतो, त्याच्या छताखाली मेणबत्त्या व अगरबत्त्या लावल्या, तर त्यांची काजळी आपल्याच वारशावर बसते. शिलालेख वाचता यावा म्हणून अक्षरांत खडू भरणे, मूर्तीच्या चरणांवर माथा टेकताना तेलकट हात फिरविणे, पायऱ्यांवर फुलांचा चिखल करणे आणि भिंतीवर स्वतःचे नाव कोरणे, यांत आणि १८१९ च्या त्या कोरकामात फरक कोणता? निळ्या शाईने लिहिलेले ‘जय भीम’ असले, तरी ते भिंतीचे विद्रूपीकरणच होय. वंदना शांतपणे, उभ्याने, ज्योतीवाचूनही होते. धम्मपदात भुंग्याची उपमा आहे; फुलाला न दुखवता रस घेणाऱ्या त्या भुंग्यासारखे आपले जाणे-येणे असावे.

विद्यालयाची सहल निघेल तेव्हा विद्यार्थ्यांनी पुढील कामे करावीत आणि पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी त्यांना साहाय्य करावे, अशी विनंती आहे.

१. निघण्यापूर्वी एका लेण्याचा दानलेख मराठी अर्थासह वाचावा. दाता कोण, व्यवसाय कोणता, गाव कोणते, दान कशासाठी, याची वहीत नोंद करावी.

२. तेथील एका तरी विक्रेत्याशी, डोलीवाल्याशी किंवा मार्गदर्शकाशी आदराने बोलावे. ‘काका, पावसाळ्यात धंदा कसा असतो? पाणी कोठून आणता?’ असे प्रश्न विचारावेत आणि घासाघीस न करता एखादी वस्तू विकत घ्यावी.

३. नेलेला सर्व कचरा परत आणावा आणि विद्यालयात आल्यावर तो मोजावा. किती जण गेलो आणि किती कचरा केला, याचा तक्ता वर्गात लावावा.

४. सहलीच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून दरवर्षी विद्यालयाच्या आवारात वडाचे वा करंजाचे एक झाड लावावे. अडुथुमाने ज्यासाठी भूमी दिली, तेच हे वृक्ष. त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी एका वर्गाने पुढच्या वर्गाकडे लेखी सोपवावी.

या स्मरणिकेचे वाचक बहुतांशी असे आहेत, की ज्यांच्या घरात शिक्षण पहिल्यांदा आले ते अशाच एखाद्या वसतिगृहाच्या दारातून. कोणी मूठभर धान्य दिले, कोणी एक दिवसाची मजुरी दिली, आणि त्या ठेवीच्या व्याजावर आपण शिकलो. मुद्दल शाबूत ठेवण्याचा अर्थ आपल्याला कोणी निराळा शिकवावा लागत नाही. लेणी, नदी, जंगल आणि त्यांच्या काठी राबणारी माणसे ही आपल्याकडे आलेली ठेवच आहे. तिचे व्याज आनंदाने घ्यावे आणि मुद्दल जशीच्या तशी पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी.